मेन राजाराम म्हणजे कुठला राजाराम?

तुम्ही विचारलंय, "तुमच्या सरकारी शाळेला ज्यांचं नाव होतं, ते कोण होते हे शाळेत असताना तुम्हाला माहीत होतं का?"

नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे आपल्याला माहीत आहे, असं मी जवळजवळ तीस वर्षं समजत होतो.

मी करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातला. चौथीपर्यंतच्या शाळेला कुणाचंच नाव नव्हतं. आमच्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेला 'विद्या मंदिर' म्हणतात आणि पुढं गावाचं नाव लावतात. शाळा मोठी असेल तर कुमार विद्या मंदिर आणि कन्या विद्या मंदिर अशा दोन होतात, बास. त्यामुळं शाळेला माणसाचं नाव असतं, हे मला कळलं कोल्हापुरात आल्यावर. भवानी मंडपाला लागून काळ्या दगडाची, उंच कमानींची इमारत आहे ना, ते मेन राजाराम हायस्कूल. जिल्हा परिषदेचंच. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, कारण इमारत बघून वाटतं हा राजवाड्याचाच एखादा भाग असणार. केएमटीतून, म्हणजे शहर बसमधून उतरायचं, अंबाबाईच्या शिखराला लांबूनच हात जोडायचे आणि घंटा व्हायच्या आत पळत सुटायचं. कुणी विचारलं, "कुठल्या शाळेत रं?" की छाती काढून सांगायचं, "मेन राजारामला."

राजाराम कोण, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. कोल्हापूरच्या पोराला तो का पडावा? राजाराम म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव, जिंजीला गेलेले, ताराराणींचे पती. ताराराणींनी कोल्हापूरची गादी उभी केली, म्हणून त्यांच्या यजमानांचं नाव शाळेला. किती सरळ हिशेब! एकदा इतिहासाच्या तासाला सरांनी विचारलं तेव्हा सगळ्या वर्गानं एका सुरात हेच उत्तर दिलं होतं. सर हसले, म्हणाले, "चुकलं, पण मोठ्यानं चुकलं," आणि तेवढ्यात तास संपला. पुढच्या तासाला पानिपत होतं. ते राहून गेलं ते गेलंच.

पुढं नोकरी, संसार. काही वर्षांपूर्वी माझा भाचा शिकायला इटलीत, फ्लॉरेन्सला गेला. एका रविवारी त्याचा फोटो आला. मोठ्या बागेच्या टोकाला, नदीकाठी, दगडी छत्रीखाली एका तरुण राजाचा अर्धपुतळा. रंगवलेला, डोक्याला पागोटं, अंगावर दागिने. खाली मेसेज : "मामा, हे आपल्या कोल्हापूरचे महाराज म्हणे. कोण हो हे?"

मला सांगता येईना. पुतळ्यावरचं नाव त्यानं वाचून दाखवलं, राजाराम. मी त्याला ठासून सांगितलं, की शिवाजी महाराजांचा मुलगा फ्लॉरेन्सला जाणं शक्य नाही, काहीतरी घोटाळा आहे. घोटाळा होता, पण माझ्या डोक्यात.

मग वाचायला लागलो. कोल्हापूरला एक नाही, तीन राजाराम आहेत. पहिले 1670 ते 1700 मधले, ते सगळ्यांना ठाऊक. तिसरे म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे थोरले चिरंजीव, 1922 ते 1940 गादीवर होते. राजारामपुरी, तिच्या त्या पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा मोजून आखलेल्या गल्ल्या, हे त्यांच्या नावचं. आणि मधले राजाराम, ज्यांच्याबद्दल शहरात कुणी चकार शब्द काढत नाही, ते आमच्या शाळेचे.

हा मुलगा मूळचा पाटणकर घराण्यातला, नागोजीराव. जन्म 1850 चा. 1866 मध्ये त्याला दत्तक घेऊन गादीवर बसवलं तेव्हा सोळा वर्षांचा होता. (मुलगा म्हणतोय, मला माफ करा. आता माझा धाकटा मुलगाच त्या वयाचा आहे, महाराज म्हणायला जीभ वळत नाही.) इंग्रजी शिकला, वाचनाची गोडी लागली. शहरात 1851 पासून इंग्रजी शाळा होतीच. तिचं रीतसर हायस्कूल झालं ते याच्या काळात. त्या हायस्कुलाच्या नव्या इमारतीचं काम हाती घेतलं गेलं आणि 1870 च्या उन्हाळ्यात राजा विलायतेला निघाला.

ही गोष्ट तेव्हा किती मोठी होती, ते आज समजायचं नाही. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानणारा तो काळ. गादीवर असताना इंग्लंडला जाणाऱ्या अगदी पहिल्या हिंदू राजांत याची गणना होते. सोबत आपली माणसं, आपला स्वयंपाक, आपला देवधर्म, आणि देखरेखीला कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी. लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पार्लमेंट पाहिलं. रोज रात्री इंग्रजीतून रोजनिशी लिहायचा. ती वेस्टनं नंतर 1872 मध्ये छापली. मी ती चाळली आहे. फार रंगतदार आहे असं खोटं सांगणार नाही. आज अमक्याची भेट, उद्या तमकं पाहिलं, असंच बरंचसं. पण वीस वर्षांचा पोर परक्या भाषेत, न चुकता, दिवसाचा हिशेब लिहितोय, हे डोळ्यांसमोर आणलं की सपक ओळीसुद्धा वाचाव्याशा वाटतात.

परतीच्या वाटेवर युरोपात तो आजारी पडला. इटलीपर्यंत कसाबसा पोचला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथं एका हॉटेलात 30 नोव्हेंबर 1870 ला तो गेला. वय वीस.

आता खरी अडचण सुरू झाली. बरोबरच्या मंडळींना दहन हवं होतं, आणि त्या देशात माणसं पुरायची पद्धत. दहनाला परवानगीच नव्हती. शेवटी तिथल्या अधिकाऱ्यांनी खास बाब म्हणून मान्यता दिली. जागा शोधली तीसुद्धा आपल्या रीतीनं, दोन नद्यांचा संगम. आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी जिथं मिळते, ते कॅशिने बागेचं टोक. आमच्याकडं प्रयाग चिखलीला नद्या मिळून पंचगंगा होते, तिथं लोक अस्थी घेऊन जातात. परक्या मुलखात, थंडीत, त्या माणसांनी नकाशा समोर धरून आपली प्रयाग चिखली शोधली असणार. रात्री चिता पेटली, आणि शहरातली माणसं ते बघायला जमली.

चार वर्षांनी, 1874 मध्ये, त्याच जागी छत्री आणि पुतळा उभा राहिला. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. हे नाव कोल्हापूरकरांनी ऐकलेलं असतं, कारण आपला नवीन राजवाडा आणि टाऊन हॉल त्यांनीच आखले. फ्लॉरेन्समध्ये 1978 मध्ये तिथं जवळच आर्नोवर एक मोठा पूल झाला. लोक त्याला 'इंडियानो' म्हणतात, म्हणजे हिंदी माणसाचा पूल. भाचा म्हणाला, रोज त्या पुलावरून जाणाऱ्यांना राजाचं नाव सांगता येत नाही, पण कुणी तरी हिंदुस्थानी राजा इथं जाळला होता, एवढं पोरासोरांनाही ठाऊक असतं. आमच्याकडं नेमकं उलटं. नाव रोज हजार तोंडांत, आणि माणूस कुणालाच ठाऊक नाही.

इकडं इमारत पुरी झाली, हायस्कुलाला त्याचं नाव मिळालं, आणि 1880 मध्ये कॉलेजचे वर्ग निघाले तेही राजाराम कॉलेज झालं. गोपाळ कृष्ण गोखले इथंच शिकले, मॅट्रिक झाले 1881 ला. कॉलेज पुढं विद्यापीठाच्या बाजूला गेलं. हायस्कूल भवानी मंडपातच राहिलं.

दोष एकट्या आमच्या वर्गाचा नव्हता, हे सांगायला हवं. एकाच घराण्यात तीच तीच नावं ठेवायची रीत, त्यात शहरात जिकडं तिकडं राजाराम. पावसाळ्यात सगळा जिल्हा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या आकड्याकडं डोळे लावून बसतो, 39 फूट झालं की इशारा, 43 ला धोका. हा बंधारा कुठल्या राजारामाचा, असं पाणी चढत असताना कोण विचारणार?

अशीच गत आणखी दोन-तीन नावांची आहे. मुलींच्या महाराणी लक्ष्मीबाई हायस्कूलला सगळे 'एमएलजी' म्हणतात. माझी बहीण तिथं होती. तिच्या मैत्रिणी पाचवीपासून दहावीपर्यंत ती झाशीच्या राणीची शाळा समजत होत्या. या लक्ष्मीबाई म्हणजे बडोद्याच्या खानविलकरांकडून आलेल्या, शाहू महाराजांच्या पत्नी. 'प्रिन्स शिवाजी' हे नाव शहरात बोर्डिंगला आहे, शाळांना आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, शिवबांच्या बालपणाची काहीतरी आठवण असेल. तो शाहू महाराजांचा धाकटा मुलगा. 1918 मध्ये शिकारीत गेला. त्याच्यामागं राहिलेल्या कोवळ्या सूनबाई, इंदुमती, यांना महाराजांनी राजवाड्यातला विरोध पत्करून शिकवायला घेतलं. मला विचाराल तर शाळांना नाव द्यायला नवऱ्यापेक्षा तीच जास्त शोभली असती. पण मला कोण विचारतंय!

आणि हो, आमच्या शहरात एका शाळेचं नाव चक्क 'प्रायव्हेट हायस्कूल' आहे. खासबागेजवळ. सरकारी नाही ती प्रायव्हेट. नाव द्यायचा प्रश्नच मिटवला.

एक खरं की नावानं शाळा चालत नाही. जरगनगरच्या महापालिका शाळेत पहिलीला नाव घालायला आईबाप रात्रभर रांगेत बसल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. तिचं पूर्ण नाव लक्ष्मीबाई कृष्णाजी जरग विद्यामंदिर. रांगेतल्या किती जणांना ते सांगता येईल? पोराला चांगलं शिकवतात, एवढं त्यांना पुरतं, आणि ते बरोबरच आहे. 1917 मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या शहरात आता नाव घालायला रात्र जागवतात, याचं मला नावापेक्षा जास्त अप्रूप आहे.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारलंय की आपल्या शाळेच्या नावाचा माग कसा काढायचा. आधी कोनशिला बघा. बहुतेक वेळा तिच्यावर चुन्याचे चार हात बसलेले असतात, नाहीतर समोर फुलझाडाची कुंडी. उजेड तिरका पडतो तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर जा. शाळा महापालिकेची असेल तर नाव सर्वसाधारण सभेच्या ठरावानं दिलेलं असतं, तो ठराव दप्तरी सापडतो. खेड्यात असेल तर वर्गखोलीच्या दारावरची 'यांच्या स्मरणार्थ' फरशी वाचा, जागा किंवा खोली देणाऱ्याचं नाव हळूहळू शाळेचंच होऊन बसतं. शतक महोत्सवाची स्मरणिका मिळाली तर सोनं, पण तिच्यात जाहिराती आणि शुभसंदेश सोडून जेमतेम दहा पानं कामाची निघतात. जुना जिल्हा गॅझेटियर जरूर बघा. आणि गावातले सगळ्यांत म्हातारे निवृत्त गुरुजी गाठा, मात्र ते सांगतील ते एकदा कागदाशी ताडून घ्या. आमच्या सरांसारखे गुरुजी फार थोडे, बाकीचे मोठ्यानं चुकणाऱ्यांतलेच.

भाच्याचा तो फोटो मी आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं, "हे आपल्या शाळेचे राजाराम महाराज." दोन मिनिटांत बावीस जणांनी हात जोडले. मग एकाचा मेसेज आला, "शिवाजी महाराजांचं पोरगं इटलीला कवा गेलतं रं?"

टाइप करून आवरेना. फोनच लावला त्याला.