फिल्टर-ब्रँच दुसऱ्यांदा अडली आणि पुशही नाकारला, तर

तुमची अडचण मला अशी समजली: फोंड्याच्या दुकानासाठी केलेल्या बिलिंग प्रकल्पात डेटाबेसच्या पासवर्डची फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणारी प्रणाली) कमिट झाली, म्हणजे इतिहासात कायमची नोंदली गेली. इतिहास नव्याने लिहिणारी गिटची फिल्टर-ब्रँच ही कमांड चालवून ती काढलीत. मग लक्षात आलं की फाइल आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये होती. पुन्हा चालवलीत, तर ‘आधीचा बॅकअप आहे, नवा करता येत नाही’ अशी एरर आली. वर पुशही, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवणंही, नाकारलं गेलं.

बाकीचं नंतर वाचा, आधी तो पासवर्ड बदला. सर्व्हरवर गेलेला पासवर्ड कुणी उतरवून घेतला असेल, तर इतिहास कितीही धुतला तरी तो परत येत नाही.

आता एरर. फिल्टर-ब्रँच ब्रँचचं जुनं टोक (शेवटचा कमिट) रेफ्स/ओरिजिनल या जागी बॅकअप म्हणून जपून ठेवते आणि ते पुसायला कचरते. ‘-एफ’ (जबरदस्तीचा पर्याय) दिलंत तर ती पुढे जाईल, पण तुमचा मूळ बॅकअप जाऊन अर्धवट साफ केलेला इतिहास तिथे बसेल. म्हणून ते नको.

पुश का नाकारला? आमच्या म्हापशाच्या दुकानात वडील खतावणीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ लिहून बेरीज आणायचे. बाराव्या पानावरचा एक आकडा बदलला की पुढची सगळी पानं बदलायची. कमिटचंही तसंच आहे: प्रत्येकाच्या हॅशमध्ये (मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक) आधीच्या कमिटचा हॅश मिसळलेला असतो, त्यामुळे एक फाइल काढली की तिथून पुढचे सगळे हॅश नवे होतात. सर्व्हरला तुमची वही ओळखू येत नाही.

इथे गिट स्वतःच ‘आधी पुल करा’, म्हणजे सर्व्हरवरचे बदल आणून आपल्यात मिसळा, असं सुचवतं. कृपा करून करू नका! पणजीत पाटोवरच्या कचेरीत असताना मी तो सल्ला मानला होता. जुना आणि नवा इतिहास एकत्र मर्ज झाला, लॉगमध्ये तेच कमिट दोनदा दिसू लागले आणि काढलेली फाइल परत इतिहासात आली. रिफ्लॉगमधून (टोक कुठे कुठे होतं याची गिटची नोंद) जुनं टोक शोधून ब्रँच तिथे रिसेट केली तेव्हा सुटलो, पण चौघांचा दिवस गेला.

तुमचा पुश नाकारला गेला हे बरंच झालं, सर्व्हरवरचं सगळं जसंच्या तसं आहे. आताच्या फोल्डरची प्रत बाजूला ठेवा आणि ताजा क्लोन (सर्व्हरवरून पूर्ण नवी प्रत) घ्या. त्यात फिल्टर-रेपो हे इतिहास साफ करणारं साधन वापरा, ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. 2019 सालच्या 2.24 आवृत्तीपासून गिटच फिल्टर-ब्रँच टाळायला सांगतं. ‘--पाथ’ने फाइलचे जुना-नवा दोन्ही मार्ग द्या, शेवटी ‘--इन्व्हर्ट-पाथ्स’, म्हणजे तेवढेच मार्ग काढले जातील. ताजा क्लोन नसेल तर ते अडून बसतं, तेव्हा ‘--फोर्स’ने दामटू नका.

काम झाल्यावर ते ओरिजिन, म्हणजे सर्व्हरचा नोंदवलेला पत्ता (रिमोट), काढून टाकतं. तो रिमोट पुन्हा जोडा. पुश करताना लगेच ‘--फोर्स-विथ-लीज’ (सर्व्हर आपल्या नोंदीप्रमाणेच असेल तरच जबरदस्ती) दिलंत तर ‘स्टेल इन्फो’ म्हणून नकार येईल, कारण सर्व्हरची जुनी नोंदही गेलेली असते. सोबत्यांना पुश थांबवायला सांगून पुशला साधा ‘--फोर्स’ द्या, टॅगही (ठरावीक कमिटना दिलेली नावं) पाठवायला विसरू नका.

मग सगळ्यांनी नव्याने क्लोन करायचं. कुणाचं न पाठवलेलं काम असेल तर फॉरमॅट-पॅचने (कमिट फाइलरूपात काढणारी कमांड) काढून नव्या क्लोनमध्ये ‘गिट एएम’ने लावा. जुन्या क्लोनमधून एकानेही पुल करून पुश केला, तर ती फाइल परत सर्व्हरवर.