वाचकांचे प्रश्न : रोमन चिलखताच्या कड्या

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी रोमन शिपायाचं कड्यांचं चिलखत करतो आहे. बाइंडिंग तारेच्या कड्या वळवून, टोकाला टोक भिडवून गुंफल्या. पण खांद्याशी त्या उघडतात अन् गळून पडतात. रोमन कारागीर काय करत? छातीवर ते अडकवत कशानं?
— एक लोहार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नुसती भिडवलेली कडी ओढ बसली की उघडणारच, आणि सगळी ओढ खांद्यावरच येते. रोमन चिलखतात एक ओळ अखंड कड्यांची, पुढची रिबिट (दोन्ही टोकांतून आरपार ठोकलेला छोटा खिळा) मारलेल्यांची, अशी आलटूनपालटून असे. अखंड कड्या पत्र्यातून ठोकून काढत. त्यांना जोडच नाही. एका अंगरख्याला ३०,०००च्या आसपास कड्या, त्याही बहुधा तुरीच्या दाण्याएवढ्या. तेव्हा निम्म्यांचं रिबिट वाचणं ही काही लहान बचत नव्हे. प्रत्येक कडी चार कड्यांत अडकते : वरच्या ओळीतल्या दोन, खालच्या दोन.

तुम्ही फक्त खांद्यांना रिबिट मारा, बाकी नाटकापुरतं चालून जाईल. अखंड कडीच्या जागी ५ मिमी बोल्टाचे सपाट वायसर घ्या. रिबिटाच्या कडीसाठी १८ गेजची काळी तार ६ मिमी सळईवर गुंडाळून छिन्नीनं तोडा, टोकं २-३ मिमी एकमेकांवर चढवा. मग कडी लाल तापवून राखेत हळूहळू निवू द्या. ही पायरी गाळली तर टोक चपटं करतानाच चिरतं. चपट्या जागी अणकुचीदार पंचानं भोक पाडा, ड्रिलनं नको : ड्रिल लोखंड खाऊन टाकतं, पंच ते फक्त बाजूला सारतो. भोक काठाकडे गेलं की कडी तिथंच तुटते. चार वायसर ओवून झाल्यावरच रिबिट ठोका. आधी ठोकलं तर ओवणार काय? रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) लावलेल्या कुंपणाची जस्ताची तार मात्र भट्टीत घालू नका, तिचा धूर बाधतो.

आता छातीचं. पाठीकडून दोन्ही खांद्यांवरून दोन पट्टे पुढं येत. छातीच्या मधोमध एक खुंटी, तिच्यावर फिरणारे दोन वाकडे आकडे. त्यांची टोकं पट्ट्यांवरच्या गुंड्यांत अडकत. बऱ्याचदा टोकाला सापाचं तोंड घडवलेलं असे. आकडा पितळेचा करा, पण जाड. पातळ असला तर हात वर केल्याबरोबर सरळ होतो.

कंबरपट्टा विसरू नका. तो आवळून वर थोडा झोळ सोडला की बराच भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. आत जाड गोधडीचा अंगरखा हवाच, नाहीतर पोरांचे खांदे सोलतील.