आधी विचार: सांगितलं कोणी आणि कधी?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा नीट वाचला. पुण्यातल्या कॉलेजांमधल्या मुलामुलींना मोबाइलवर प्रश्नावली पाठवायची आणि त्यातून तरुणांमधल्या एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांच्या विकाराचं) प्रमाण काढायचं, असा तुझा बेत आहे. विषय मला मनापासून आवडला. पद्धत मात्र बदलावी लागेल. का, ते सविस्तर लिहिते.

एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही. निदान उभं राहतं ते कोणाच्या तरी सांगण्यावर. आई सांगते, शाळेतल्या बाई सांगतात, मोठेपणी माणूस स्वतः सांगतो. डॉक्टर ते ऐकतो, मुलाला पाहतो आणि ठरवतो. म्हणून या क्षेत्रातला कुठलाही आकडा समोर आला की मी आधी दोन गोष्टी शोधते: हे सांगितलं कोणी, आणि कोणत्या वयात विचारलं. तू वाचलेल्या शोधनिबंधांतले निम्मे वाद या दोन प्रश्नांपाशी येऊन थांबतात.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचं उदाहरण घे. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आयुष्यभर अभ्यास चालू आहे. ११ ते १५ या वयात आईवडील आणि शिक्षकांकडूनही माहिती घेऊन त्यांची तपासणी झाली, तेव्हा ६१ जणांना एडीएचडी असल्याचं ठरलं. तीच माणसं ३८ वर्षांची झाल्यावर त्यांच्याशी बोलून पुन्हा तपासलं, तेव्हा ३१ जणांमध्ये लक्षणं दिसली. दोन्ही याद्यांमध्ये असलेली माणसं फक्त ३. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हे प्रसिद्ध केलं आणि खळबळ उडाली. एडीएचडी हा बालपणापासूनचा विकार, हे तर आपण पाठ केलेलं. मग ही मोठेपणी उगवलेली माणसं कोण? त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. ज्यांना लहानपणी एडीएचडी ठरला होता, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आईवडिलांना इतक्या वर्षांनी त्या लक्षणांची आठवणच राहिली नव्हती.

तीन वर्षांनी मार्गारेट सिबली या संशोधिकेने अमेरिकेतला एक गट तपासला. या मुलांना सुरुवातीला एडीएचडी नव्हता, आणि दहाव्या वर्षाच्या आसपासपासून पंचविशीपर्यंत त्यांना आठ वेळा तपासलं गेलं होतं. तरुणपणी नव्याने लक्षणं दाखवणाऱ्यांची एकेकाची फाइल उघडून पाहिली. सुमारे ९५ टक्के नावं गळाली. कोणाचं लक्ष नशेमुळे उडालेलं, कोणाला दुसरा मानसिक आजार, कोणाच्या लक्षणांनी रोजच्या जगण्यात फारसा अडथळाच आणलेला नाही. नुसती प्रश्नावली घेतली असती तर ही सगळी माणसं एडीएचडीच्या आकड्यात जाऊन बसली असती.

आता तुझी प्रश्नावली बघ. एकोणीस वर्षांचा मुलगा, हॉस्टेलवर राहणारा, रात्री दोनला झोपणारा, परीक्षेच्या धास्तीने पोखरलेला. ‘काम अर्धवट राहतं का?’ याला तो ‘नेहमी’ म्हणणार, आणि ते खरंच असणार. त्याचा त्रास खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तो कोणत्या कारणाने होतोय हे तुझ्या फॉर्ममधून कळणार नाही, एवढंच. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीने, १७ वर्षांच्या आणि त्यापुढच्या व्यक्तीला पाच लक्षणं पुरेशी मानली, पण काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावीत, आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसलेली असावीत, ही अट ठेवलीच. बारा वर्षांच्या आतलं सांगणारं माणूस तुझ्या आराखड्यात कुठेच नाही.

‘मग आईला विचारते’ असं तू म्हणशील. विचारच, पण आईच्या उत्तरालाही घराचा रंग असतो. ओपीडीत मी पाहिलेली एक माउली सांगते. गुडघ्यावर फॉर्म ठेवून ती खुणा करत होती. ‘बसल्या जागी चुळबुळ करतो’ यापुढे तिने ‘नेहमी’वर खूण केली. शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, याचा बाप असाच होता की! चौथीपर्यंत एका जागी टेकला नाही. त्याला कुठे दवाखान्यात नेलं होतं?” सुनेने खूण खोडली आणि ‘कधी कधी’ केलं. त्याच मुलाच्या बाईंनी शाळेतून भरून पाठवलेल्या कागदावर तीच ओळ ‘नेहमी’ होती, खाली दोनदा अधोरेखित.

आई आणि बाई, दोघींपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के निघते. म्हणजे ज्या घरात असं मूल आहे, त्या घरात असा बाप किंवा काकाही असण्याची शक्यता पुष्कळ. त्या घराला ते वागणं नवलाचं वाटत नाही. म्हणून घरचा आणि शाळेचा, दोन्ही कागद हवेत, आणि ते जुळले नाहीत तर घाईने सरासरी काढू नकोस. न जुळण्याचं कारण शोध. तिथेच तुला काहीतरी सापडेल.

शाळेचं मतही डोळे झाकून घ्यायचं नाही. अमेरिकेत ज्या राज्यांत १ सप्टेंबर ही शाळाप्रवेशाची कटऑफ तारीख आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सर्वांत लहान आणि सप्टेंबरमधलं सर्वांत मोठं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑगस्टच्या मुलांत एडीएचडीचं निदान दर १०,००० मागे ८५.१ आणि सप्टेंबरच्या मुलांत ६३.६ निघालं. मेंदूचा आजार जन्ममहिना बघून येत नाही. बाई सहा वर्षांच्या मुलाची तुलना जवळजवळ सात वर्षांच्या मुलाशी करत होत्या, आणि लहानाचं लहानपण आजारात मोजलं जात होतं. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाची कटऑफ तारीख गेल्या काही वर्षांत बदलत आली आहे. त्यामुळे मुलांचे जन्ममहिने आणि त्या त्या वर्षीची तारीख, एवढं जरी तू नोंदवलंस तरी आपल्याकडे कामाची माहिती जमेल. पैसाही लागणार नाही.

मुलींकडे विशेष लक्ष दे, ही माझी कळकळीची विनंती आहे. बाकावर चढणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कोणाच्या कागदावर येत नाही. ‘जरा वेंधळी आहे’ म्हणून सोडून देतात. स्टीफन हिन्शॉ या संशोधकांनी अमेरिकेतल्या बर्कलेत एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्या तरुण झाल्या तेव्हा, विशेषतः ज्यांच्यात अतिचंचलताही होती त्यांच्यात, स्वतःला इजा करण्याचं आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण इतर मुलींपेक्षा कितीतरी जास्त होतं. ते निष्कर्ष वाचल्यापासून ‘मुलींमध्ये कमी असतं’ हे वाक्य मी वर्गात सहजपणे उच्चारत नाही.

औषधांबद्दल तू दोन ओळी लिहिल्या आहेत, त्या सुधार. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. मूळ हेतू होता मेंदूच्या तपासणीनंतर उठणारी डोकेदुखी कमी करण्याचा. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण जवळपास निम्मी मुलं अभ्यासात अचानक चमकू लागली. मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायची. उत्तेजक औषधांचा तात्पुरता फायदा तेव्हापासून पुन्हा पुन्हा सिद्ध झाला आहे. दीर्घकाळाचं गणित अवघड आहे. एमटीए या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांचे उपचारांनुसार चार गट केले. १४ महिन्यांनी, काटेकोर देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांची मुख्य लक्षणं इतरांपेक्षा जास्त आटोक्यात आलेली होती. तीन वर्षांनी पाहिलं तर गटागटांतला फरक उरला नव्हता. ‘औषध निरुपयोगी’ असा निष्कर्ष यातून काढणारे लोक तुला भेटतील. १४ महिन्यांनंतर उपचार कोणी चालू ठेवला, कोणी सोडला, कोणी नव्याने धरला, हे ज्याचं त्याने ठरवलं होतं, हे ते सांगत नाहीत.

याच मुलांना पुढे पंचविशीपर्यंत पाहिलं, आणि तो २०२२ सालचा निबंध तू पुन्हा सावकाश वाचावास असं मला वाटतं. पूर्ण बरे होऊन तसेच राहिलेले सुमारे ९ टक्के. जवळपास ६४ टक्के मुलांमध्ये लक्षणं जात होती, परत येत होती. चार दिवस उघडीप मिळाली म्हणून पावसाळा संपला असं आपण म्हणत नाही. पण संशोधक एकदाच जाऊन तपासतो आणि ‘बरा झाला’ असं लिहून मोकळा होतो. ‘निम्मी मुलं मोठेपणी बरी होतात’ यासारखी जुनी विधानं मला यामुळेच कच्ची वाटतात.

मेंदूच्या प्रतिमांचं प्रकरण तू फार लांबवलं आहेस, ते आटप. फिलिप शॉ यांच्या २००७ च्या अभ्यासात मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी शिखराला पोचण्याचं वय एडीएचडीच्या मुलांत साधारण साडेदहा आणि इतरांत साडेसात निघालं. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण तो गटांचा आहे. समोर बसलेल्या एका मुलाचं निदान स्कॅनवरून होत नाही. जनुकांचंही तसंच: २०२३ पर्यंत जनुकसंचात एडीएचडीशी जोडलेली २७ ठिकाणं सापडली, प्रत्येकाचा परिणाम अगदी थोडा.

आपल्या देशातलं काम मात्र तुझ्या यादीत नाही, याचं वाईट वाटलं. पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांना प्रत्यक्ष तपासून केलेला मज्जाविकासाच्या, म्हणजे मेंदूच्या वाढीतल्या, विकारांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. थोड्या मोठ्या मुलांत त्यांनी एडीएचडीही पाहिला, आणि त्यासाठी भारतीय कुटुंबांना विचारता येईल असं साधन घडवलं. आधी ते मिळव.

मग असं कर. कॉलेजं सोड. महापालिकेच्या दोन शाळा आणि एक खासगी शाळा घे, दुसरी-तिसरीचे वर्ग. पहिले काही आठवडे कागद न काढता मागच्या बाकावर बस. बाई एका वेळी किती मुलांना सांभाळतात, फळ्यावरचं शेवटच्या रांगेतून दिसतं का, जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाला काय होतं, ते लिहून ठेव. त्यानंतर आई, बाई आणि तुझं स्वतःचं निरीक्षण, अशी तीन मतं प्रत्येक मुलाबद्दल घे. झोप विचार, ऐकू येतं का आणि दिसतं का ते तपासून घे. ज्या मुलाला मदतीची गरज दिसेल त्याला कुठे पाठवायचं, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरलेलं हवं. मुलाला त्रास आहे हे दिसूनही नुसती नोंद करून निघून येणं मला मान्य होणार नाही.

आणि पत्ता घेताना एकाच मोबाइल नंबरवर थांबू नकोस. घरं बदलतात, नंबर बदलतात. मामाचा, आत्याचा, गावाकडच्या घराचा नंबर घे, आणि दहा वर्षांनी परत येऊ का, याची परवानगी आजच लेखी घे. ड्युनेडिनवाल्यांनी परदेशी गेलेल्यांनाही तिकीट काढून तपासणीला बोलावलं, म्हणून ३८व्या वर्षीही हयात असलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोक त्यांना भेटले. तुझ्याकडे तिकिटाचे पैसे नसतील, पण मामाचा नंबर असू शकतो.

एथिक्स कमिटीचा अर्ज या महिन्यात भरायला घे. मुख्याध्यापकांसाठीचं पत्र मी लिहून देते, मसुदा आधी तू पाठव.

तुझी,
बाई