रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला सायलेन्सर, एअर फिल्टर बदलला तर पॉवर किती वाढेल? फ्युएल ट्युनिंग खरंच लागतं का?

लागतं. आणि सुरुवात सायलेन्सरपासून करू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०२२ ची आहे, गॅरेजवाला म्हणतो फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर आणि कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) टाकला की चार-पाच बीएचपी सहज वाढतील, ट्युनिंगचा, म्हणजे वाढलेल्या हवेप्रमाणे पेट्रोल जुळवण्याचा, खर्च करायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात याच वाक्यावरून कित्येक वर्षं वाद चालू आहे, आणि प्रत्येक लग्नकार्यात माझे दाजी तो नव्याने उकरून काढतात.

दाजींची क्लासिक यूसीई नावाच्या जुन्या इंजिनची, ३४६ सीसी, कार्बोरेटरवाली. माझीही तीच. माझी कंपनीतून आली तशी, फक्त सर्व्हिसिंग वेळेवर. दाजींनी पुण्यातल्या एका गॅरेजमधून पंजाब सायलेन्सर (मोठ्या आवाजाचा) घातला आणि एअर बॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून उघडा कोन फिल्टर बसवला. कार्बोरेटरला कुणी हात लावला नाही. "हवा मोकळी झाली, धूर मोकळा झाला, आता गाडीला अडवायला आहे कोण?" हे दाजींचं म्हणणं.

गुहागरहून परत येताना पोफळी सोडली आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. ताई दाजींच्या मागे, भाचा माझ्या मागे, म्हणजे ओझ्यात फार फरक नाही. तिसऱ्या गिअरला चढावर दाजी मूठ पूर्ण पिळायचे आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी घुसमटायची. मूठ थोडी मागे घेतली की पुन्हा ओढायची. वळणावर मूठ सोडली की फाट फाट फटाके. आवाज दरीत घुमत होता, पण माझी मुकी गाडी त्यांच्या पुढे निघून गेली आणि मला माथ्यावर थांबून त्यांची वाट बघावी लागली. ते आले तेव्हा बेंड पाईप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाईप) हेडजवळ तापून निळा पडलेला होता.

पूर्ण मूठ पिळल्यावर दम जातो आणि जरा मागे घेतल्यावर परत येतो, म्हणजे मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) लहान पडतोय. मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मी हे तिथेच सांगितलं. दाजी म्हणाले, "पेट्रोलच भेसळीचं आहे." आम्ही दोघांनी चिपळूणला एकाच पंपावर, एकामागोमाग एक टाकी भरली होती.

घरी इंजिन गार झाल्यावर प्लग काढला. पांढराफटक, लीन मिश्रणाचीच खूण.

पुढच्या रविवारी त्यांच्याच अंगणात मी ती गाडी उघडली. कोन फिल्टर काढून मूळ एअर बॉक्स परत बसवला. मेन जेट दोन नंबर मोठा घातला, गाडी चालवून बघितली, जड वाटली, एक नंबर खाली आणला. नीडलखाली (कार्बोरेटरमधल्या सुईखाली) पातळ वॉशर टाकला, कारण घाटात बहुतेक वेळ मूठ पाव ते पाऊण यामध्येच असते आणि तिथे पेट्रोल नीडल ठरवते, मेन जेट नाही. बेंड पाईपचा हेडकडचा गॅस्केट दबलेला होता, तो बदलला. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाऊन न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये पेटत होतं, निम्मे फटाके त्याचेच. सायलेन्सर त्यांचाच ठेवला, त्याला हात लावला नाही.

गाडी ओढायला लागली. पूर्ण मूठ पिळली तरी घुसमट नाही, बेंड पाईप आणखी निळा पडायचा थांबला. आणि दाजी आजही सगळ्यांना सांगतात की सायलेन्सर "सेट व्हायला" वेळ लागतो, तो तेव्हा सेट झाला. सायलेन्सर सेट होत नसतो. आतली ग्लासवूल जळत जाते, आवाज वाढत जातो, पॉवरचा त्याच्याशी संबंध नाही. जेट बदलला म्हणून गाडी सुधारली.

दाजींचा विश्वास मुळात यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १०० वरून आलाय. तरुणपणी त्यांच्या आरएक्सला चेंबर (फुगीर एक्झॉस्ट) लावल्यावर ती उडायची, आणि त्यात ते खरं बोलतात. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट हा इंजिनाचाच भाग असतो. फुगीर चेंबरच्या टोकावरून दाबाची लाट परत फिरते आणि पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्रातून, बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने १९५० च्या दशकात हे शास्त्र पक्कं केलं. १९६१ मध्ये त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडे गेला तो ही विद्या घेऊनच, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. पण क्लासिक फोर-स्ट्रोक आहे. तिच्यात झडपा बंद होतात. काही आरपीएमला लांबी-व्यासाचा थोडा फायदा मिळतो, आरएक्ससारखी उडी मिळत नाही.

शिवाय हे इंजिन किती हवा घेतं याचा हिशोब करा. ३४६ सीसी, दोन फेऱ्यांत एकदा श्वास, ५२५० आरपीएमला कमाल पॉवर. सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरला असं धरलं तरी मिनिटाला नऊशे लिटर. तुमचं २०२२ चं ३४९ सीसी इंजिन ६१०० आरपीएमला २०.२ बीएचपी देतं, म्हणजे हजार-साडेदहाशे लिटर. एवढ्या हवेला कंपनीचा स्वच्छ फिल्टर पुरतो. लांब स्ट्रोकचं, कमी आरपीएमचं, टॉर्कसाठी बांधलेलं इंजिन आहे हे. श्वास अडतो तो हेड, झडपा आणि कॅममध्ये. कोन फिल्टरमुळे तिथला एक मिलिमीटरही मोकळा होत नाही. उलट व्हॅक्यूमने उचलल्या जाणाऱ्या स्लाइडच्या (सरकत्या पडद्याच्या) कार्बोरेटरला एअर बॉक्समधली स्थिर हवा हवी असते. ती काढून घेतली की स्लाइड फडफडते. आणि आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे जी धूळ असते, ती स्वस्त कोन फिल्टरमधून सरळ सिलिंडरमध्ये जाते.

आता तुमची गाडी. ती बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची, जेट-नीडलचा प्रश्न नाही. तुमचा गॅरेजवाला "ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) आपोआप ॲडजस्ट करतो" म्हणत असेल. अर्धं खरं आहे. स्थिर वेगात ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला एक याच्या आसपास ठेवतो आणि थोडाफार फरक भरून काढतो. पण पूर्ण मूठ पिळली की तो सेन्सरचं ऐकत नाही, कंपनीने भरलेल्या मॅपवर, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं याच्या तक्त्यावर, चालतो. तिथे इंजिनाला साडेबारा-तेराला एक असं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, मिश्रण हवं असतं. हवा वाढली आणि मॅप जुनाच राहिला, तर नेमकं जिथे जोर हवा तिथेच लीन. दाजींच्या घाटातला आजार तोच, फक्त जेटच्या जागी मॅप. म्हणून नुसता चांगला स्लिप-ऑन सायलेन्सर (फक्त मागचा डबा बदलणारा) चालून जातो. इनटेकला हात लावायचा तर पिगीबॅक मॉड्यूल (ईसीयूला जोडायचा छोटा बॉक्स) किंवा ईसीयूचं रीमॅपिंग त्याच दिवशी, वाइडबँड सेन्सर (मिश्रण अचूक मोजणारा) लावून करून घ्यायचं. "आधी चालवून बघू, मग ट्युनिंग" हे चालणार नाही.

चार-पाच बीएचपीबद्दल: गॅरेजवाल्याला बदल करायच्या आधीचा आणि नंतरचा डायनो रन (पॉवर मोजणाऱ्या मशीनवरचा आकडा) मागा, एकाच मशीनवर, एकाच दिवशी. दाजींकडे "आधीचा" कागद कधीच नव्हता. कंपनीचा आकडा क्रँकचा, म्हणजे इंजिनापाशी मोजलेला, असतो आणि डायनोचा मागच्या चाकाचा, तो तसाही कमी येतो, त्यामुळे दोन्हींची तुलना करून काही कळत नाही. माझं मत विचाराल तर सगळं नीट केलं तरी एक-दीड बीएचपी मिळेल, आणि तो वरच्या आरपीएमला, जिथे क्लासिक कुणी चालवत नाही. घाटात ओढ हवी असेल तर पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दाताने लहान करा. टॉप स्पीड थोडा जाईल, पण फरक पहिल्याच चढाला कळेल, आणि खर्च सायलेन्सरच्या मानाने काहीच नाही.

दोन गोष्टी राहिल्या. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुरासाठी कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. पुण्यात पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) काढू नका, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर वायरिंगला जोडलेलं मॉड्यूल सर्व्हिस सेंटर आधी बघेल हे धरून चाला.

आणि काही बदललंच, तर मूळ सायलेन्सर, फिल्टर, सगळे बोल्ट घरी घेऊन या, गॅरेजमध्ये सोडू नका. दाजींचा मूळ सायलेन्सर त्या गॅरेजवाल्याने भंगारात विकला. एअर बॉक्स वाचला तो ताईने डिकीत टाकून घरी आणला होता म्हणून.