कंदिलात तेल कोण घालतं?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नाशिकच्या कादंबरीची साठ पानं वाचली. पंचवटीतला मुलगा कंदील लावतो आणि त्या उजेडात गेलेली माणसं येऊन बसतात, ही कल्पना सोडू नकोस. पण साठ पानं कंदील जळतोय आणि त्यात तेल कोणीच घालत नाही. मेलेली माणसं बोलतात हे वाचक मानेल. न संपणारं तेल तो मानणार नाही.

जर्मन लेखक ग्युंटर ग्रासची ‘द टिन ड्रम’ (1959) ही कादंबरी यासाठीच पुन्हा वाच. ब्रिऑन मिचेलचं 2009 चं इंग्रजी भाषांतर घे. तिचा नायक ऑस्कर तिसऱ्या वाढदिवशी ठरवतो, आता वाढायचं नाही; उंची 94 सेंटिमीटरवर थांबते. हे आपण मुकाट मान्य करतो. पण त्याचा पत्र्याचा ढोल वाजवून वाजवून फाटतो, नवा लागतो. तो मिळतो मार्कुस या ज्यू माणसाच्या खेळण्यांच्या दुकानात. नोव्हेंबर 1938 मध्ये नाझी ते दुकान फोडतात, मार्कुस जीव देतो, ढोल मिळणं बंद. पुढे फाटका ढोल दुरुस्त करून घ्यायला ऑस्कर डान्झिगच्या (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) पोलिश टपाल कार्यालयात जातो आणि तिथेच अडकतो, कारण 1 सप्टेंबर 1939 ला पहाटे जर्मन त्या इमारतीवर हल्ला करतात. एका खेळण्यापायी पोरगं थेट महायुद्धात सापडतं. किती साधी युक्ती आहे बघ!

ग्रास डान्झिगचाच, जन्म 1927 चा, तरी आठवणीवर विसंबला नाही. 1958 मध्ये तिथे जाऊन त्या हल्ल्यातून वाचलेली माणसं त्याने शोधली. हाच लेखक किशोरवयात वाफेन-एसएस या नाझींच्या सशस्त्र दलात होता आणि ते त्याने जाहीर केलं 2006 साली. हे विसरून त्याला वाचू नकोस. ऑस्कर वेड्यांच्या इस्पितळातून बोलतो, कधी ‘मी’ म्हणतो, कधी ‘ऑस्कर’. कुठे काय लपवतोय ते पेन्सिलने खुणा करत वाच.

आता तुझा कंदील. वात कात्रीने सरळ कापली नाही तर ज्योत एका बाजूला चढते आणि काच तेवढीच काळी होते. समोर बसलेल्याचा अर्धाच चेहरा दिसतो. आजोबा की चुलत आजोबा, हा घोळ तुला इथेच मिळेल. काच राखेने पुसणारं घरात कोण, तेही ठरव. आणि रॉकेल! 1942 साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, तिथलं तेल यायचं थांबलं. तुझं तिसरं प्रकरण त्याच वर्षातलं, आणि त्यात मुलगा रात्रभर कंदील जाळतो. त्याला बाटली देऊन दुकानापुढे उभा कर. किती तेलात किती रात्री, हे कागदावर मांड आणि मग मोडू नकोस.

खऱ्या घटना मात्र हलवू नकोस. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळी झाडली गेली 21 डिसेंबर 1909 ला, विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी, तू ती मेळ्यात झाडलीस. काळाराम सत्याग्रहात मंदिराचे चारही दरवाजे बंद होते; तू एकच लिहिलास. जी माणसं 1930 मध्ये त्या दारांपुढे बसली, त्यांच्या बाबतीत असा ढिलेपणा चालणार नाही. पुराचं पाणीही फुटांत सांगू नकोस. नाशिकमध्ये ते गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात: गुडघ्याला लागतं, कमरेला लागतं, छातीला लागतं.

आधी तिसरं प्रकरण घे. बाटली रिकामीच घरी येते तो प्रसंग लिहून झाला की पाठव.