पाचापेक्षा जास्त एकदम घेऊ नकोस

भाऊ, पन्नास ऑर्कचा, म्हणजे युद्धखेळातल्या हिरव्या राक्षस-शिपायांच्या छोट्या पुतळ्यांचा, डबा आणलास म्हणून पन्नासही एकदम रंगवायला बसू नकोस. पाच घे, फार तर सहा. आधी पाचही जणांची कातडी, मग पाचही जणांचं चामडं, मग लोखंड. पाचव्याची कातडी होईस्तोवर पहिल्याची वाळलेली असते, त्यामुळे हात थांबत नाही. वीस घेतलेस तर तोच हिरवा लावून लावून जीव कंटाळतो आणि अर्धवट फौज कपाटात जाते. असं झालेलं मी पुष्कळांचं पाहिलंय.

आपल्या नागपूरचा उन्हाळा मात्र ध्यानात ठेव. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की कूलरसमोर अ‍ॅक्रिलिकचा थेंब बघता बघता साय धरतो. कूलरचा झोत टेबलावरून वळव. घट्ट झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर, आणि रंग त्या कागदावर काढ. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. मेणकागद घेऊ नकोस, त्यातून ओल वर येत नाही.

स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, भर दुपारी गच्चीवर मारलास तर तो हवेतच वाळतो, अंगावर खरखरीत भुकटी बसते आणि पुढचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, तिथेच डाग धरतो. सकाळी लवकर मार, पातळ थर दे. पावसाळ्यात सरळ ब्रशनेच लाव.

२८ मिलिमीटरच्या साध्या शिपायाचे डोळे रंगवत बसू नकोस. भुवईखाली गडद वॉश पुरतो. वाचलेला वेळ सरदाराला दे, त्याला एकट्यालाच घे. आणि पाचांचे बेस (पायाखालच्या चकत्या), वार्निश, सगळं आटोपल्यावरच पुढचे पाच काढ.