हरणाच्या शिकारीसाठी भरवशाचा रायफल स्कोप कसा निवडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेनसिल्व्हेनियात राहता, एच-वन-बी व्हिसावर आहात, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, .३०८ मापाच्या गोळीची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल घेतली आहे, तिच्यावर बसवायच्या नेमाच्या दुर्बिणीसाठी, म्हणजे स्कोपसाठी, ५०० डॉलर बाजूला काढलेत आणि दुकानदार ६-२४×५० घ्या म्हणतोय. घ्यावा का?

नका घेऊ. ३-९×४० घ्या, फार तर २-१०×४२. (यातले पहिले दोन आकडे म्हणजे स्कोपची ताकद, चित्र किती पट मोठं करता येतं ते; शेवटचा आकडा समोरच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) आणि त्या ५०० मधले सव्वाशे-दीडशे डॉलर चांगल्या रिंग आणि बेस (स्कोप रायफलवर धरून ठेवणारी कडी आणि तिच्याखालची पट्टी) आणि टॉर्कच्या, म्हणजे ठरल्या जोराइतकंच पिळणाऱ्या, स्क्रूड्रायव्हरसाठी राखून ठेवा. मी याच राज्यात, उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, चौदा सीझन हरणाच्या शिकारीला जातोय. तुम्ही 'भरवशाचा' हा शब्द वापरलात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या पाचव्या सीझनची गोष्ट. जंगलात घोटाभर बर्फ होतं. ६० यार्डांवर मादी उभी, डोकं डावीकडे, पूर्ण बाजू माझ्याकडे. रायफल झाडाच्या खोडाला टेकवलेली. स्कोपमधली नेमाची फुली तिच्या खांद्याच्या मागे धरली आणि चाप ओढला. ती पाठीची कमान करून पळाली. जागेवर गेलो तर बर्फावर काळपट रक्त आणि त्यात हिरवट चोथा. गोळी छातीत न लागता पोटात लागली होती. अशा वेळी लगेच मागावर जायचं नसतं. जनावर जवळच कुठेतरी बसतं, त्याला उठवलं तर मैलभर पळतं आणि हाती लागत नाही. ज्यांनी मला शिकार शिकवली ते शेजारी आणि मी पाच तास थांबलो. ओढ्याकाठी हेमलॉकच्या झाडाखाली ती बसलेली सापडली, जिवंत. मान वळवून आमच्याकडे बघत होती. दुसरी गोळी घातली. ते पाच तास तिने कसे काढले असतील, हे आजही प्रत्येक सीझनच्या आधी मनात येतं.

दुसऱ्या दिवशी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेलो. १०० यार्डांवर तीन गोळ्या, तिन्ही फूटभर उजवीकडे आणि विखुरलेल्या. स्कोप चांगल्यातला होता, काच उत्तम होती. पण पुढच्या रिंगचा स्क्रू बोटाने फिरला! दुकानातून बसवून घेतला होता, ऑक्टोबरमध्ये झिरो केला होता, म्हणजे फुली जिथे धरू तिथेच गोळी लागेल असा जुळवला होता, आणि त्यानंतर तीन आठवडे रायफल पिकअपमधून खडीच्या रस्त्यांवर हिंडत होती. मी एकदाही तपासली नव्हती.

तेव्हापासून भरवसा म्हणजे माझ्या लेखी एकच गोष्ट: फुली जिथे लावून ठेवली तिथेच राहायला हवी. धक्क्याने, थंडीने, गाडीच्या हादऱ्याने हलता कामा नये. बाकी काच किती स्वच्छ, ताकद किती मोठी, हे सगळं त्यानंतर.

हे समजायला स्कोपच्या पोटात काय असतं ते बघा. बाहेरच्या नळीच्या आत आणखी एक छोटी नळी असते. वरचा आणि बाजूचा स्क्रू, ज्यांना टरेट म्हणतात, तिला एका बाजूने ढकलतात आणि समोरून स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून धरते. तुम्ही एक क्लिक फिरवता तेव्हा ही आतली नळी केसाएवढी सरकते आणि बहुतेक शिकारी स्कोपमध्ये १०० यार्डांवर गोळी पाव इंच हलते. .३०८ चा प्रत्येक धक्का या स्प्रिंगवर बसतो. स्वस्त स्कोपमध्ये पैसे वाचवले जातात ते इथे, कारण दुकानात डोळा लावून बघणाऱ्याला काच दिसते, स्प्रिंग दिसत नाही. स्प्रिंग कमजोर पडली की दहा गोळ्यांतल्या आठ जागेवर जातात आणि दोन भलतीकडे. मग माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

म्हणूनच ६-२४ सारखी ताकदीची मोठी रेंज ५०० डॉलरच्या आत मिळते तेव्हा मला काळजी वाटते. त्या पैशात इतकी भिंगं आणि इतके हलते भाग बसवायचे तर कुठेतरी हात आखडावाच लागतो. त्याच पैशात साधा ३-९ मात्र मजबूत मिळतो. शिवाय आपल्या जंगलात २४ चं करायचं काय? माझी बहुतेक हरणं १०० यार्डांच्या आतली आहेत. ३ वर ठेवलं तर १०० यार्डांवर साधारण ३३ फुटांचा पट्टा दिसतो, ६ वर त्याच्या निम्मा. झाडीतून हरीण अचानक पुढ्यात आलं की ६ वर नुसतं तपकिरी काहीतरी दिसतं, खांदा कुठे आणि मांडी कुठे ते कळेपर्यंत ते निघून गेलेलं असतं. स्कोप ३ वर ठेवूनच चाला. लांबचं हरीण उभं असेल तर वाढवायला वेळ मिळतो.

५० मिलिमीटरच्या भिंगाबद्दल दुकानदार म्हणाला असेल की संध्याकाळी जास्त उजेड येतो. हा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. समोरच्या भिंगाच्या मिलिमीटरला ताकदीने भागा, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास मिळतो. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिमी. ४० भागिले ६ म्हणजे ६.७ मिमी. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिमी उघडते, पन्नाशीनंतर ५ च्या आसपास. म्हणजे अंधारून आल्यावर ४० च्या स्कोपची ताकद ९ वरून ६ वर आणली की डोळ्याला घेता येईल तेवढा उजेड मिळतोच. आणि ५० चं भिंग घेतलं तर त्याला उंच रिंग लागतात, गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, मान ताठ होते. गाल दस्त्यावर नीट टेकला नाही की नेमही बिघडतो.

फुली साधी, बाहेरून जाड आणि मध्यभागी बारीक असलेली घ्या. डुप्लेक्स म्हणतात ती. पहाटे कायद्याने शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते, त्या धूसर उजेडात काळ्या झाडांवर बारीक फुली हरवते, पण जाड दांडे दिसत राहतात आणि नजर आपोआप मध्यावर जाते.

धुक्याचं म्हणाल तर, चांगल्या स्कोपमध्ये हवेऐवजी कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो. घरी तपासता येतं: स्कोप पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी गरम स्वयंपाकघरात आणा. बाहेरून काच धुरकटेल, ती पुसली की स्वच्छ व्हायला हवी. आतून धुरकट राहिली तर त्याच दिवशी परत करा.

आता नावं. लिओपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४० मी स्वतः वापरतो. हलका आहे, ओरेगॉनमध्ये बनतो आणि सात सीझनमध्ये झिरो सोडलेला नाही. बरिसचा फुलफील्ड शेजाऱ्यांच्या रायफलवर आहे, तोही दणकट. व्हॉर्टेक्सची ख्याती त्यांच्या हमीची: बिल नसलं, तुम्ही दुसरे-तिसरे मालक असलात तरी दुरुस्त करतात किंवा बदलून देतात. पण हमी घरी आल्यावर उपयोगाची, जंगलात नाही, म्हणून निव्वळ हमी बघून घेऊ नका. बजेट दुप्पट असतं तर नाइटफोर्स बघा म्हणालो असतो.

स्कोप बसवायचं काम स्वतः शिका. स्क्रूंचं तेल आधी पुसून काढा. बेस आणि रिंग किती घट्ट करायच्या याचा आकडा बनवणाऱ्याच्या कागदावर इंच-पाउंडमध्ये दिलेला असतो. रिंगच्या वरच्या स्क्रूंना तो बहुधा १५ ते १८ असतो. अंदाजाने पिळाल तर एक तर सैल राहील, नाहीतर स्कोपची नळी चेपेल आणि आतली छोटी नळी अडकेल. थंडीत घालता तेच जाड जॅकेट घालून बसवा, कारण जॅकेटमुळे रायफल खांद्यापासून पुढे जाते आणि डोळा मागे राहतो. ताकद ९ वर ठेवून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. चित्र पूर्ण गोल, काळी कड नसलेलं दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे सरकवा. डोळा आणि काच यांच्यात साडेतीन-चार इंच अंतर हवंच, नाहीतर धक्क्याला भुवई फुटते. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. मी बायकोकडची लाल वापरतो. स्क्रू हलला की रेघ तुटलेली दिसते. जंगलात शिरण्यापूर्वी टॉर्चच्या उजेडात ती रेघ बघायला दहा सेकंद लागतात.

मग रेंज. मोठा कागद लावा. मध्यावर नेम धरून एक गोळी. नेम तोच ठेवून २० क्लिक उजवीकडे, एक गोळी. २० वर, एक. २० डावीकडे, एक. २० खाली, आणि शेवटची. १०० यार्डांवर पाच-पाच इंचांचा चौकोन तयार व्हायला हवा आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी बसायला हवी. चौकोन वाकडा आला तर बसवणी पुन्हा तपासा. तरीही वाकडाच आला तर स्कोप परत करा, दुकानदार काहीही म्हणो. हरणाच्या छातीचं लक्ष्य जेमतेम ८ इंचांचं असतं. सीझनच्या आदल्या आठवड्यात रायफल गाडीतून हिंडवल्यावर, रायफलच्या थंड नळीतून एक गोळी पुन्हा झाडून बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. झुडपात काय हललं ते बघायला स्कोप वापरू नका. स्कोप उचलला म्हणजे भरलेली रायफल रोखली, आणि तिथे दुसरा शिकारी असू शकतो. गळ्यात ८×४२ ची दुर्बीण ठेवा. अंगावर डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी कापड हवं, हे कोर्समध्ये शिकला असालच.

व्हिसाचंही बोलायला हवं, कारण दुकानात कुणी सांगत नाही. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा चालू परवाना हा त्याला असलेला अपवाद आहे. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. शिकार नोव्हेंबरात असली तरी १ जुलैला नवा परवाना हातात असायला हवा, कारण रायफल उन्हाळ्यातही तुमच्या घरातच असते. वकिलाला एकदा विचारून घ्या.

आणि सुटीला भारतात जाताना भावाला दाखवायला म्हणून स्कोप सामानात टाकू नका. रायफल स्कोपवर अमेरिकेचं निर्यात नियंत्रण आहे, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा शिकारीला उपयोगही नाही. बॅगेत दुर्बीण न्या, ताडोबात कामाला येईल.